डायलवरचं नाव आणि आतलं यंत्र

मंडळी, आज एक साधा प्रश्न घेऊ. एकाच गावात बनलेली दोन यांत्रिक मनगटी घड्याळं. एकाची किंमत चांगल्या मोटारीएवढी, दुसरं महिन्याच्या किराणाखर्चात मिळतं. असं का?

गाव म्हणजे जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातलं ग्लासह्यूट. फर्डिनांड अडॉल्फ लांगे यांनी १८४५ साली सरकारी कर्ज काढून, गावातल्या पोरांना शिकवून तिथे घड्याळांचा कारखाना उभा केला. ८ मे १९४५, युरोपातल्या युद्धाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी सोव्हिएत बॉम्ब या कारखान्यावर पडले. मग युद्धभरपाई म्हणून यंत्रसामग्री उचलून नेली. १९४८ मध्ये कारखाना सरकारजमा झाला आणि १९५१ साली गावातल्या घड्याळ कंपन्या ‘गूब’ या एकाच सरकारी उद्योगात विलीन झाल्या. लांगे हे नाव डायलवरून गेलं. गावाचं कसब मात्र गेलं नाही.

गूबचं ‘स्पेत्सिमाटिक’ १९६४ मध्ये आलं. हात हलला की आपोआप चावी भरणारं, २६ माणकांचं. लाखांनी बनलं, म्हणून आजही सहज सापडतं. १९९० मध्ये लांगेंचे पणतू वॉल्टर यांनी जुनं नाव पुन्हा नोंदवलं. त्या घड्याळांतलं सोनं आणि हातकाम खरंच आहे. पण किमतीत नावाचाही वाटा आहे.

पश्चिमेकडचं फोर्टसहाइम २३ फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात बेचिराख झालं. १७,००० हून जास्त माणसं गेली. शहर पुन्हा उभं राहिलं. तिथल्या ड्युरोव्हेसारख्या कारखान्यांची यंत्रं बसवून अनेक छोट्या कंपन्या आपापल्या नावाने घड्याळं विकू लागल्या. १९७० च्या दशकात क्वार्ट्झ आलं आणि त्यातली बरीच नावं बुडाली. नाव बुडालं की भाव उतरतो.

म्हणजे बघा, स्वस्ताई दोन प्रकारची. पूर्व जर्मनीतल्याच रूलाची बरीच घड्याळं मुळातच स्वस्त बनवलेली, आत माणकांऐवजी धातूच्या पिना. स्पेत्सिमाटिक स्वस्त झालं ते इतिहासामुळे आणि संख्येमुळे. संग्राहकाने हा फरक ओळखावा.

घेताना मागचं झाकण उघडून घ्या, डायल नव्याने रंगवलेली नाही ना ते पाहा. दुरुस्ती घड्याळापेक्षा महाग पडू शकते, हेही धरून चला. आणि एक सांगतो. स्वस्त आहे म्हणून चालू घड्याळं सुट्या भागांसाठी मोडली जातात. ते आपण करू नये. ज्यांची नावं डायलवर कधीच आली नाहीत, त्या कामगारांची एवढीच खूण आपल्या हाती उरली आहे.