नाममुद्रा आणि नोंद : परभणी जिल्ह्यातील गीतसंग्रहांच्या जतनाचा एक प्रश्न

गीताचा नाश दोन प्रकारांनी होतो. ते गाणारा कंठ निमाला आणि कोणी ते उतरून घेतले नाही, म्हणजे गीत समूळ जाते, हा पहिला प्रकार. दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. त्यात गीत शिल्लक राहते, ऐकूही येते. परंतु ते कोणी गाइले, कोणत्या गावी गाइले, केव्हा गाइले, हे सांगणारा धागा तुटलेला असतो. ध्वनिमुद्रणाच्या आणि पुढे संगणकाच्या साधनांनी पहिल्या प्रकारच्या नाशाला बराच पायबंद घातला. दुसऱ्या प्रकारचा नाश मात्र त्याच साधनांमुळे अधिक सुलभ झाला. हे विधान प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु परभणी जिल्ह्यातील गीतपरंपरा आणि तिच्या संग्रहाचा इतिहास यांचा विचार केला असता त्याची यथार्थता ध्यानात येते.

या विचाराचा आरंभ गंगाखेडपासून करणे सोयीचे आहे. गोदावरीकाठचे हे गाव परंपरेने संत जनाबाईचे गाव मानले जाते. जनाबाईचे अभंग स्वतंत्र गाथेच्या रूपाने फारसे वावरले नाहीत. ते नामदेवाच्या गाथेच्या आश्रयाने आले. असे असूनही ते नामदेवाच्या अभंगांत विरून गेले नाहीत, याचे कारण त्यांतील नाममुद्रा होय. अभंगाच्या अखेरच्या चरणात कर्तीचे नाव गुंफलेले असते. अभंग कोणीही म्हणो, कोठेही म्हणो, कोणत्याही वहीत उतरून घेवो. नाव त्याच्याबरोबर प्रवास करते. नाव गाळावयाचे तर चरण मोडावा लागतो, आणि चरण मोडला की चाल अडखळते. कर्तृत्वाची नोंद कृतीच्याच देहात ठेवण्याची ही युक्ती मौखिक परंपरेने शतकानुशतके वापरली.

ही युक्ती निर्दोष होती असे मात्र नव्हे. एका नामदेवाच्या मागून त्याच नावाने रचना करणारे अन्य कवी झाले. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा आणि संत नामदेव यांच्या रचनांचा गुंता सोडविताना आधुनिक संशोधकांना पुष्कळ श्रम पडले. नाममुद्रेमुळे नाव टिकते. परंतु त्या नावाचा मनुष्य नेमका कोणता, हे सिद्ध होण्यास काळ, स्थळ आणि संदर्भ यांची जोड लागते.

जात्यावरच्या ओवीची स्थिती याहून वेगळी आहे. ओवी गाणारी स्त्री आपल्या भावाचे नाव घेते, लेकाचे घेते, माहेरच्या वाटेचे आणि पंढरीच्या विठ्ठलाचे घेते; स्वतःचे नाव मात्र सहसा घेत नाही. ओवी ही कोणा एकीची नव्हे, दळणाऱ्या सर्वजणींची, अशीच तिची धारणा असते. म्हणून ओवी आणि तिची गायिका यांचा संबंध ओवीच्या शब्दांत सापडत नाही. तो बाहेरून नोंदवून ठेवावा लागतो. ही नोंद निसटली की ओवी पुन्हा निनावी होते, आणि तिला ओळख परत मिळवून देण्याचे कोणतेही अंतर्गत साधन उरत नाही.

विजेवरच्या पिठाच्या गिरण्या खेडोपाडी पोहोचल्या तसतसे घरातील जाते थांबले आणि त्याबरोबर ओवीचा नित्याचा प्रसंगही नाहीसा झाला. अशा वेळी पुण्यातील सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेच्या द्वारा हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी, गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या साहाय्याने, ओव्यांच्या संकलनाचे विस्तृत कार्य हाती घेतले. १९८० च्या दशकात मुळशीच्या डोंगरी भागातून सुरू झालेले हे काम पुढे मराठवाड्यापर्यंत पोहोचले. एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांत जमा झाल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने ओव्यांचे अंकीय ध्वनिमुद्रण झाले आणि संगणकीय कोशाची रचना सिद्ध झाली. परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील गंगुबाई अंबोरे यांचा आवाज या ध्वनिमुद्रणातून टिकून राहिला. प्वातवाँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या­नंतरही हा संग्रह विखुरला नाही. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेने २०१७ पासून तो क्रमाक्रमाने प्रकाशात आणला, आणि ताडकळसचा आवाज गायिकेच्या नावानिशी जगभर ऐकता येऊ लागला.

या संग्रहाच्या टिकाऊपणाचे श्रेय केवळ ध्वनिमुद्रणाच्या गुणवत्तेला देणे चुकीचे ठरेल. त्याचे खरे बळ नोंदीत आहे. प्रत्येक ओवीला क्रमांक आहे. आशयानुसार केलेल्या वर्गीकरणात तिचे स्थान आहे. गायिका, गाव, तालुका आणि जिल्हा यांच्याशी तिची सांगड घातलेली आहे. ध्वनिफितीवरील आवाज, कागदावरील शब्द आणि ही नोंद ही तिन्ही अंगे परस्परांना बांधलेली असल्यामुळे एका अंगाला बाध आला तरी उरलेल्या दोहोंच्या आधारे ते सावरता येते.

अंकीय साधने किती अल्पायुषी असतात, हे याच काळाच्या इतिहासावरून दिसते. डॅट या नावाने ओळखली जाणारी अंकीय ध्वनिफीत १९८७ मध्ये बाजारात आली. सेकंदाला ४८,००० नमुने घेण्याची तिची क्षमता त्या काळी क्षेत्रीय मुद्रणासाठी उत्कृष्ट समजली जाई. परंतु २००५ मध्ये सोनी कंपनीने या फितीची यंत्रे बनविणे थांबविले. फीत सुस्थितीत असूनही ती वाचणारे यंत्र दुर्मीळ व्हावे, ही आपत्ती जुन्या पोथ्यांच्या संग्राहकाला ठाऊक नव्हती. पोथी वाचावयास केवळ डोळे आणि लिपीचे ज्ञान लागते.

लिपीच्या ज्ञानाची आपत्ती मात्र मराठीला अपरिचित नाही. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. ग्रंथ मठांत सुरक्षित होते, अक्षरे स्वच्छ होती. परंतु किल्ली पंथाबाहेरच्या वाचकाजवळ नसल्यामुळे मराठी वाङ्मयाचे एक समृद्ध दालन कित्येक शतके बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांचा उलगडा झाला, तेव्हा कोठे मराठीच्या इतिहासाचा आरंभभाग नव्याने लिहावा लागला. संगणकावरील आरंभीच्या मराठी लेखनाची गत अशीच झाली. प्रत्येक टंकाचा संकेत निराळा होता. एका टंकात लिहिलेले नाव तो टंक नसलेल्या यंत्रावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग होऊन उभे राही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली, तरी मराठी टंकलेखनात तिचा वापर सार्वत्रिक होण्यास दीर्घ काळ लागला. त्या संधिकाळात टंकलिखित केलेली गीतांची शीर्षके आणि गायकांची नावे आजही कित्येक संग्रहांत अशा अनवधानी सांकेतिक लिपीत पडून आहेत. महानुभावांची गुप्तता हेतुपुरस्सर होती आणि किल्ली जपणारे महंत होते. येथे हेतू नाही आणि महंतही नाही.

ध्वनिमुद्रणाच्या फाइलला नाव जोडण्याची जी पद्धत जगभर रूढ झाली, तिचा इतिहासही उद्बोधक आहे. एमपी३ फाइलच्या अखेरीस गीताची माहिती ठेवण्यासाठी १९९६ मध्ये आयडी३ नावाची योजना निघाली. तिच्या मूळ रूपात एकंदर १२८ बाइट जागा होती. त्यांपैकी शीर्षकास ३०, गायकास ३०, संग्रहाच्या नावास ३० आणि वर्षास ४ बाइट मिळत. ही मांडणी दुकानात विकल्या जाणाऱ्या तबकडीसाठी होती. गाव, प्रसंग, मुद्रणाची तारीख, गीत सांगणारी आणि साथ देणारी यांतील भेद, यांसाठी तीत स्वतंत्र स्थान नव्हते. ती रोमन अक्षरे गृहीत धरणारी असल्याने देवनागरीला तीत प्रवेशच नव्हता. युनिकोडच्या प्रचलित संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणजे नुसते ‘गंगाखेड’ हे नाव लिहावयास २१ बाइट खर्ची पडतील आणि गायिकेसाठी जागा उरणार नाही. १९९८ च्या सुधारित योजनेने या मर्यादा दूर केल्या. पण तोवर सवय लागून गेली होती. तालुक्याच्या गावांतील दुकानांतून भ्रमणध्वनीच्या स्मरणपत्रिकांवर गोंधळ, भारुडे, भीमगीते आणि ओव्या भरून दिल्या जाऊ लागल्या, तेव्हा कित्येक फाइलींवर ‘ट्रॅक ०१’ एवढेच नाव होते, आणि गायकाच्या रकान्यात फाइल वाटणाऱ्या संकेतस्थळाचा पत्ता होता.

अशा फाइलींचा संग्रह लावण्यासाठी जी संगणकीय ग्रंथपालाची साधने प्रचारात आली, त्यांच्याविषयी अभ्यासकांची आणि रसिकांची तक्रार सर्वत्र ऐकू येते. तिचे मूळ त्यांच्या रचनेत आहे. असे साधन फाइलींतील माहिती वाचून आपली एक पृथक् सूची तयार करते. वापरणाऱ्याने पुढे केलेल्या दुरुस्त्या, टिपणे आणि अनुक्रम पुष्कळदा केवळ या सूचीतच राहतात. फाइलीत उतरत नाहीत. सूचीत फाइलीचा पत्ता असतो; फाइल दुसऱ्या तबकडीवर हलविली की पत्ता खोटा ठरतो, आणि सूची बिघडली की वर्षानुवर्षांचे काम एका क्षणात निष्फळ होते. आवाज जागच्या जागी असतो. त्याविषयी जे जे ठाऊक होते ते गेलेले असते. काही साधने याही पुढे जाऊन फाइलींची आपोआप फेरमांडणी करतात. गायकाचा रकाना रिकामा असलेल्या सर्व फाइली ती ‘अज्ञात गायक’ या एकाच कप्प्यात ढकलतात. जिंतूरची गायिका, पाथरीचा गोंधळी आणि मानवतचा भजनी अशा रीतीने एकाच अनामिकाच्या नावावर जमा होतात. सोयीसाठी केलेली ही मांडणी अभ्यासाच्या दृष्टीने विध्वंसक आहे. कारण मूळ कप्प्यांवर गावाचे नाव असले, तर तेही या फेरमांडणीत पुसले जाते.

दूरस्थ साठवणुकीवर भरवसा ठेवावा, तर तिचाही अनुभव आश्वासक नाही. मायस्पेस या अमेरिकी संकेतस्थळावर २००३ ते २०१५ या काळात लोकांनी ठेवलेले संगीत स्थलांतराच्या वेळी नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. त्यांत पाच कोटींहून अधिक गीते होती, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. यांपैकी बहुसंख्य गीते गायकांनी स्वतःच तेथे ठेवलेली होती. अनेकांजवळ दुसरी प्रत नव्हती.

नोंद असली तरी तीही काळाबरोबर जुनी होते, याचे उदाहरण परभणी जिल्ह्याइतके स्पष्ट क्वचितच सापडेल. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९८१ मध्ये परतूर तालुका नव्या जालना जिल्ह्याकडे गेला, आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. नामदेवाचे जन्मगाव म्हणून मानली जाणारी नर्सी आणि औंढा नागनाथ ही त्यामुळे आज हिंगोली जिल्ह्यात मोडतात. १९९६ मधील ‘जिल्हा परभणी’ ही नोंद जिच्यावर आहे अशी ध्वनिफीत कोणत्या जिल्ह्यातील, याचे उत्तर तालुका आणि तारीख यांवाचून देता येत नाही. सेलू हा तालुका परभणीत आहे, तसा वर्धा जिल्ह्यातही आहे. पिंपळगाव, वडगाव अशी नावे तर एकाच जिल्ह्यात अनेक गावांना आहेत. म्हणून तारीख आणि तालुका ही नोंदीची अलंकरणे नव्हेत; ती नसतील तर गावाचे नावही आपला अर्थ गमावते. विष्णुदास नामा आणि नामदेव यांच्याबाबत जो गुंता झाला, तोच येथे गावांच्या बाबतीत होतो.

या सर्व इतिहासातून निघणारा निष्कर्ष व्यवहाराच्या अगदी जवळचा आहे. ओवीला नाममुद्रा नाही; तेव्हा ती ध्वनिमुद्रणाला द्यावी लागते. गायनाला आरंभ होण्यापूर्वी गायिकेने स्वतःच्या तोंडून आपले नाव, गाव, तालुका आणि दिवस सांगावा, आणि तो उच्चार गीताच्या त्याच फाइलीत मुद्रित व्हावा. हा उच्चार कोणतीही सूची पुसू शकत नाही, कोणताही टंक बिघडवू शकत नाही, आणि फाइलीचे नाव बदलले तरी तो बदलत नाही. त्याच्या जोडीला फाइलीच्या नावातच क्रमांक व तारीख असावी. सूची साध्या मजकुराच्या रूपात, साधनाच्या पोटात नव्हे तर फाइलींच्या शेजारी ठेवावी. एक प्रत कागदावर असावी, आणि संग्रहाच्या प्रती निदान दोन भिन्न गावी असाव्यात. यांतील एकही गोष्ट खर्चिक नाही. विद्यापीठातून क्षेत्रकार्यास निघणारा प्रत्येक विद्यार्थी या गोष्टी करू शकतो; परंतु घाईच्या दिवशी प्रथम वगळल्या जातात त्याही याच होत.

जनाबाईने आपले नाव अभंगात गुंफले, म्हणून ते कोणत्याही वहीच्या कृपेवर अवलंबून राहिले नाही. तिच्याच जिल्ह्यात जात्यावर बसून पुढील शतकांत ज्यांनी गाइले, त्यांतील फार थोड्या स्त्रियांची नावे आज ठाऊक आहेत, आणि ज्यांची आहेत ती कोणीतरी गाव विचारून, वय विचारून, क्रमांक घालून लिहून ठेवली म्हणूनच. पुढील संग्राहकाच्या हाती अधिक चांगले यंत्र असेल. त्याने नाव विचारले नाही, तर तेही यंत्र त्या गायिकेला ‘अज्ञात’ म्हणूनच जपून ठेवील.