अर्धवेळ गिरणी-मुले (लँकेशायर)

दिवसाचा निम्मा भाग कापडगिरणीत आणि निम्मा शाळेत घालवणाऱ्या मजुरांच्या मुलांना इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात हाफ-टायमर म्हणत. १८४४ च्या कारखाना कायद्याने ही पद्धत रूढ केली आणि १९१८ च्या शिक्षण कायद्याने ती मोडीत काढली. मधल्या पाऊणशे वर्षांत ओल्डहॅम, बोल्टन, ब्लॅकबर्न, बर्नली, प्रेस्टन या सूतगिरण्यांच्या गावांत, तसेच शेजारच्या यॉर्कशायरमधल्या लोकरगिरण्यांच्या पट्ट्यात, गरीब घरातले बालपण बहुधा याच वळणाने गेले.

१८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांना रेशीमगिरण्या वगळता इतर कापडगिरण्यांत मनाई केली, नऊ ते तेरा वयाच्या मुलांचे काम आठवड्याला ४८ तासांवर आणले आणि रोज दोन तास शाळा सक्तीची केली. सरकारी जन्मनोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली. तोवर डॉक्टर मुलाचे दात आणि उंची पाहून वयाचा दाखला देत. शाळेची अट बरेचदा कागदावरच राही. लँकेशायरचे कारखाना निरीक्षक लिओनार्ड हॉर्नर यांच्या काळात हजेरीच्या दाखल्यावर सहीऐवजी फुली मारणारे शिक्षकही आढळले. १८४४ मध्ये कामाचे तास रोज साडेसहावर आले आणि शाळा तीन तासांची झाली, पण त्या बदल्यात कामाचे किमान वय नवावरून आठावर उतरवले गेले. पुढे ते १८७४ च्या कायद्याने दहा, १८९१ च्या कायद्याने अकरा आणि १८९९ मध्ये बारा झाले. कामगारांच्या संरक्षणासाठी भरलेल्या १८९० च्या आंतरराष्ट्रीय बर्लिन परिषदेत बारा वर्षांची मर्यादा ब्रिटनने मान्य केली होती, तरी पुढच्याच वर्षी कायदा अकरावर थांबला. लँकेशायरच्या गिरण्यांचा दबाव किती होता, ते यावरून कळते.

या दबावात मालक एकटे नव्हते, आणि या विषयाचा सर्वांत अवघड भाग तोच आहे. सूतकताईच्या खात्यात म्यूल नावाच्या यंत्रांची एक जोडी एका अनुभवी कामगाराच्या ताब्यात असे. त्याच्या हाताखाली एक मोठा आणि एक लहान सूतजोड्या, म्हणजे तुटलेला धागा जोडणारा मदतनीस, राबे, आणि त्या दोघांचा पगार तो आपल्या कमाईतून देई. विणकर बाया-पुरुषही साच्यावर मदतीला ठेवलेल्या पोराला आपल्याच पैशांतून मजुरी देत. मूल स्वस्त मिळाले, तर प्रौढ कामगाराच्या हाती चार पैसे जास्त उरत. म्हणून वयोमर्यादा वाढवण्याचा प्रश्न निघाला की कापड कामगारांच्या संघटनांतले बहुसंख्य सभासद विरोधात मत देत. १९०९ च्या मतदानातही तेच झाले.

त्यांना क्रूर म्हणून निकाल लावणे सोपे आहे, पण घरखर्चाचा हिशेब पाहिल्याशिवाय ते न्याय्य ठरणार नाही. सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहराच्या पाहणीवरून १९०१ मध्ये दाखवून दिले की, मजुराच्या आयुष्यात दारिद्र्य ठरावीक टप्प्यांवर गाठते : स्वतःच्या लहानपणी, मुले लहान असताना आणि म्हातारपणी. थोरले मूल दहा-बारा वर्षांचे होई तेव्हा पाठीवर चार-पाच भावंडे असत आणि घर दुसऱ्या टप्प्याच्या तळाशी असे. अर्धवेळ मुलाला आठवड्याला दोन-तीन शिलिंग मिळत. वर दोन खोल्या, खाली दोन खोल्या आणि मागच्या अंगणात संडास, अशा घराच्या भाड्याचा मोठा हिस्सा त्यातून निघे. बाप आजारी पडला किंवा गिरणी मंदीत गेली, तर घराला तेवढाच आधार उरे.

पगाराची पुडी न फोडता आईच्या हातात देण्याची रीत होती. आई शिलिंगामागे एक पेनी मुलाला खाऊला परत देई. भाडे, कोळसा, पाव आणि अंत्यविधीच्या विम्याचा आठवड्याचा हप्ता यांचा मेळ तिलाच घालावा लागे. मुलांचे मरण घरोघरी परिचयाचे होते, त्यामुळे पोटाला चिमटा बसला तरी हा हप्ता सहसा चुकत नसे. बापाचा रविवारचा सूट सोमवारी गहाणवट्याकडे जाई आणि शनिवारी पगारावर सुटून येई. ऐपत असणारी घरे सहकारी भांडारातून माल घेत. १८४४ मध्ये रॉचडेलच्या विणकरांनी व कारागिरांनी सुरू केलेल्या या चळवळीत खरेदीच्या प्रमाणात मिळणारा लाभांश पोरांच्या बुटांना उपयोगी पडे. उन्हाळ्यात गावातल्या सगळ्या गिरण्या एकदम बंद राहात. त्या सुट्टीत ब्लॅकपूलला जाता यावे म्हणून वर्षभर बचत-मंडळात पेन्या टाकल्या जात. सुट्टीचा पगार मात्र मिळत नसे.

सकाळच्या पाळीचे मूल पाचच्या सुमारास उठे. लांब काठीने खिडकीच्या काचेवर टकटक करून गल्ली जागी करणारा माणूस आठवड्याच्या काही पेन्यांवर ठेवलेला असे. पाठोपाठ लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या लाकडी तळाच्या बुटांचा आवाज दगडी रस्त्यावर सुरू होई आणि सहाला यंत्रे चालू होत. म्यूलचा चात्यांनी भरलेला लांब गाडा पुढे सरकून मागे येई, तेवढ्यात तुटलेला धागा दोन बोटांच्या पिळाने जोडायचा. हे काम तेल मुरलेल्या फळ्यांवर अनवाणी चालत करायचे आणि पाळीभरात काही मैलांची चाल व्हायची. धागा तुटू नये म्हणून हवा गरम व दमट ठेवलेली असे. चालू यंत्राची सफाई मुलांकडून करून घेण्यास १८४४ पासून बंदी होती, तरी गाड्याखालचा कापसाचा भुरा काढायला मुले वाकत राहिली. विणाईच्या खात्यात साच्यांचा खडखडाट असा की बोलणे ओठांच्या हालचालींवरून ओळखावे लागे. नवी कांडी घातली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यायची सवय होती, आणि एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागे.

साडेबाराच्या सुमारास सुटका झाली की घरी दोन घास खाऊन मूल शाळेत बसे. पुढच्या आठवड्यात पाळी उलटी : सकाळी शाळा, दुपारी गिरणी. शिक्षकांच्या तक्रारी वर्षानुवर्षे सारख्याच होत्या. ही मुले बाकावर डोके टेकून झोपतात, अंगाला तेलाचा वास येतो, गिरणीत शिकलेली दांडगी भाषा वर्गात येते. कित्येक शिक्षक त्यांना झोपू देत, आणि त्या वयाच्या मुलासाठी यापेक्षा शहाणपणाचा निर्णय दुसरा नव्हता. पण त्याचा परिणाम असा की गुणाकार-भागाकारापुढे ज्यांची गती होती, तीही मुले तिथेच राहिली. पूर्ण वेळ कामाला लागायचे वय आले की शाळा कायमची सुटे.

अपवाद ठरलेल्यांनीच या जगाची लिखित साक्ष ठेवली आहे. जॉन रॉबर्ट क्लाइन्स (जन्म १८६९) हे ओल्डहॅममध्ये दहाव्या वर्षी सूतजोड्या झाले. जुना शब्दकोश विकत घेऊन आणि अंध वृद्धांना वर्तमानपत्र वाचून दाखवून त्यांनी भाषा कमावली. पुढे ते मजूर पक्षाचे नेते आणि १९२९ ते १९३१ या काळात ब्रिटनचे गृहमंत्री झाले. ओल्डहॅमजवळच्या स्प्रिंगहेडच्या ॲनी केनी (जन्म १८७९) दहाव्या वर्षी गिरणीत गेल्या आणि तिथे त्यांचे एक बोट तुटले. स्त्रियांच्या मताधिकारासाठी १९०५ मध्ये मँचेस्टरला क्रिस्टाबेल पँकहर्स्ट यांच्यासह त्यांनी तुरुंगवास पत्करला. एथेल कार्नी होल्ड्सवर्थ (जन्म १८८६) अकराव्या वर्षी अर्धवेळ कामाला लागल्या आणि पुढे कवयित्री व कादंबरीकार झाल्या. अशी माणसे मोजकी. त्यांच्या शेजारच्या यंत्रावर तितकीच बुद्धी असलेली किती मुले विझून गेली, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

पद्धत संपवण्यासाठी शिक्षक आणि समाजवादी कार्यकर्ते झगडले. ब्रॅडफर्डच्या शाळा-मंडळावर निवडून आलेल्या मार्गारेट मॅकमिलन यांनी उपाशी आणि थकलेल्या मुलाला शिकवता येत नाही, हा मुद्दा लावून धरला. १९०६ च्या कायद्याने शाळेत जेवण देण्याची मुभा मिळाली, १९०७ मध्ये शालेय आरोग्य तपासणी आली. शेवटी १९१८ च्या शिक्षण कायद्याने, म्हणजे फिशर कायद्याने, चौदा वर्षांपर्यंत पूर्णवेळ शाळा सक्तीची केली आणि त्याच्या अंमलबजावणीबरोबर १९२० नंतर शेवटचे हाफ-टायमर गिरणीतून बाहेर पडले.

हा शब्द मुंबईच्या गिरण्यांतही पोचला होता. कावसजी दावर यांनी काढलेल्या मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची यंत्रे ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची होती, आणि मुंबईच्या स्पर्धेने धास्तावलेल्या लँकेशायरच्या मालकांनीच भारतात कारखाना कायदा व्हावा म्हणून जोर लावला. १८८१ च्या कायद्याने सात ते बारा वयाच्या मुलांना रोज नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ मध्ये ती नऊ ते चौदा वयासाठी सात तास झाली आणि १९२२ मध्ये बारा ते पंधरा वयासाठी सहा तास. ब्रिटनच्या कायद्यातली शाळेची अट मात्र यांपैकी एकाही कायद्यात घातली गेली नाही.