बर्फ उपसणारे हात

बर्फ आपल्याला माहीत आहे ते गोळेवाल्याच्या गाडीवरचे नाहीतर मासळीच्या टोपलीतले. अशा मंडळींपुढे ऐन वैशाखात बर्फाच्या वादळाविषयी बोलायचे म्हणजे थोडी धिटाईच आहे. तथापि विषय वाटतो तितका परका नाही. पावसाळ्यात घाट बंद पडला की खालच्या गावात मिठाचा भाव चढतो, हे आपल्या आज्यापणज्यांनी अनुभवलेले आहे. पावसाच्या जागी बर्फ घाला आणि चार दिवसांच्या जागी चार महिने घाला, म्हणजे डोनर खिंड डोळ्यांपुढे उभी राहील.

ही खिंड अमेरिकेत, कॅलिफोर्निया प्रांताच्या पूर्वेस, सिएरा नेव्हाडा या पर्वतरांगेत आहे. उंची सुमारे ७००० फूट. आपला सह्याद्री जसा अरबी समुद्रावरून आलेले ढग अडवतो आणि महाबळेश्वरावर रिते करतो, तशीच ही रांग पॅसिफिक महासागरावरून आलेली ओलसर हवा अडवते. फरक इतकाच, की तिथला पाऊस हिवाळ्यात येतो आणि उंचीवर तो बर्फ होऊन पडतो. इंचभर पाण्याचे साधारण दहाबारा इंच भुसभुशीत बर्फ होते. मग वारा ते उचलून नेमके रस्त्याच्या खोबणीत भरतो.

खिंडीला नाव मिळाले तेच मुळी मरणातून. १८४६ साली पश्चिमेकडे निघालेला डोनर कुटुंबाचा गाड्यांचा तांडा वाटेत रेंगाळला आणि हिवाळ्याच्या तोंडावर खिंडीच्या पायथ्याशी बर्फात अडकला. तांड्यातल्या ८७ जणांपैकी ४८ वाचले. भुकेने त्यांना काय काय खायला लावले ते जगभर चवीने सांगितले जाते, म्हणून मी ते सांगत नाही. मला त्यापुढची वीस वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात, कारण याच खिंडीतून आगगाडी नेण्याचे ठरले.

१८६२ साली लिंकनने पॅसिफिक रेल्वेच्या कायद्यावर सही केली. पश्चिमेकडून रूळ टाकण्याचे काम सेंट्रल पॅसिफिक कंपनीकडे आले. गोरे मजूर मिळेनात, मिळाले तर चांदीच्या खाणींकडे पळत. तेव्हा कंपनीने चिनी मजूर घ्यायला सुरुवात केली. कामावरचा साहेब स्ट्रोब्रिज याला हे पसंत नव्हते. ही किरकोळ बांध्याची माणसे डोंगर काय फोडणार, असा त्याचा सवाल. दोन वर्षांत दहा हजारांच्या घरात चिनी मजूर कामावर होते आणि स्ट्रोब्रिजचा सवाल कोणी पुन्हा विचारला नाही.

१८६६-६७ चा हिवाळा मात्र निराळाच निघाला. तेव्हा तिथे असलेला एक तरुण इंजिनियर, जॉन गिलिस, याने पुढे १८७० साली इंजिनियरांच्या सभेत त्या हिवाळ्याची हकीगत वाचली. त्याने त्या एका मोसमात ४४ वादळे मोजली. सगळ्यांत लांबले ते १८ फेब्रुवारीला सुरू झालेले. थोडी उसंत देत ते २ मार्चपर्यंत चालले आणि १० फूट बर्फ टाकून गेले. रूळ तोवर खाली सिस्कोपर्यंतच आले होते. त्यापुढे माथ्यावर सामान न्यायला एकच गाडीरस्ता होता. वादळ झाले की तो नाहीसा होई.

रस्ता मोकळा करण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. त्यासाठी मजुरांच्या टोळ्या मुद्दाम ठेवलेल्या असत. नव्या बर्फात माणूस कमरेपर्यंत, कधी खांद्यापर्यंत रुतायचा. त्यात बैल घालायचे आणि त्यांच्या मागे लाकडी घसरगाड्या. बैल दमून बसले की शेपटी पिळायची. एका जोतात तीन बैल असे होते, की त्यांच्या शेपट्या पिळून पिळून तुटूनच गेल्या होत्या, असे गिलिस सांगतो आणि वर थट्टा करतो की त्यांची कटकट तरी मिटली. माणसांनाही शेपट्या असत्या तर मुकादमांनी त्या शिल्लक ठेवल्या असत्या असे मला वाटत नाही. याच रस्त्याने त्या हिवाळ्यात तीन इंजिने, चाळीस डबे आणि चाळीस मैलांचे रूळ घसरगाड्यांवरून डोंगरापलीकडे ओढून नेले.

माथ्यावर बोगदा खणणे चालू होते. लांबी १६५९ फूट, दगड अस्सल ग्रॅनाइट. पहारीवर घण घालून भोके पाडायची, दारू ठासायची, बत्ती द्यायची. दिवसाला फूट-सव्वा फूट सरकले तरी पुष्कळ. पुढे नायट्रोग्लिसरीन आणले तेव्हा ही गती पावणेदोन फुटांवर गेली. वरचे बर्फ इतके चढले की मजुरांनी बर्फातच बोगदे कोरले आणि राहण्याच्या जागेतून कामाच्या जागेपर्यंत ते त्यांतूनच जात-येत. कित्येकांना दिवसचे दिवस उजेड दिसत नसे. कडे सुटले की खालचे तळ गाडले जात. काही प्रेते वसंतात बर्फ वितळल्यावर हाती लागली.

एकूण मेले किती? आकडा नाही. कंपनीने तो ठेवलाच नाही. हजेरीपटावर टोळीच्या म्होरक्याचे नाव आणि पुढे माणसांची संख्या, बहुधा एवढेच. ज्याचे नाव पटावर नाही त्याच्या नावाने खाडा कसा मांडणार! इतिहासकार आज पन्नासपासून हजाराच्या पलीकडेपर्यंत अंदाज करतात. हजेरीपटाशी माझा तीस वर्षांचा संबंध आहे. इतका फरक जिथे पडतो तिथे कारकुनाची चूक नसते, मालकाची सोय असते.

पगार महिना ३१ डॉलर, वाढून ३५ झाला होता. गोऱ्या मजुरालाही ३५, पण त्याला जेवण-राहणे कंपनीचे. चिनी मजुराने तांदूळ, सुकी मासळी, चहा आपल्या पैशाने घ्यायचा. (तो उकळलेला चहा पीत असल्यामुळे पोटाच्या रोगांतून पुष्कळसा वाचला, हे जाता जाता सांगतो.) २५ जून १८६७ रोजी माथ्याच्या आसपास कित्येक मैल पसरलेल्या तळांवर सुमारे तीन हजार चिनी मजुरांनी एकाच वेळी हत्यारे खाली ठेवली. मागण्या काय? पगार ४० डॉलर, उघड्यावर दहा तास, बोगद्यात आठ तास, आणि मुकादमाने चाबूक वापरू नये. दंगा नाही, मारामारी नाही. संपाची चाहूल नसलेल्या माणसाला तो सणाचा दिवस वाटला असता.

मालक चार्ल्स क्रॉकर याने वाटाघाटी केल्या नाहीत. त्याने अन्नाचा पुरवठा तोडला. रूळ कंपनीचे आणि डोंगरातला गाडीरस्ताही कंपनीच्याच मालकांचा. ज्या वाटेसाठी मजुरांनी सहा महिने बर्फ उपसले, त्याच वाटेने येणारा तांदूळ बंद झाला. आठवड्याभरात संप मोडला. चाळीस डॉलर मिळाले नाहीत, तासही उतरले नाहीत. ऑगस्टमध्ये बोगदा आरपार झाला आणि १० मे १८६९ रोजी पूर्व-पश्चिमेचे रूळ जुळले.

हे वाचताना मला आपला बोरघाट आठवतो. १८५६ ते १८६३, म्हणजे जवळजवळ त्याच काळात, तिथे पंचवीस बोगदे खणले गेले. १८६१ साली मजुरांची संख्या बेचाळीस हजारांपर्यंत गेली होती. तिथे बर्फ नव्हते, पटकी होती. मजुरी थकली म्हणून १८५९ साली तिथेही दंगल उसळली. खंडाळ्याची हवा खायला जाताना खिडकीतून धबधबे दाखवायची आपली रीत आहे. बोगदे कोणी खणले ते मुलांना सांगायची मात्र नाही.

रूळ पडले म्हणून वादळाने माघार घेतली नाही. कंपनीला खिंडीतल्या रुळांवर ३७ मैलांपर्यंत लाकडी छपरे घालावी लागली. तरीही १३ जानेवारी १९५२ रोजी ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ ही दिमाखदार गाडी युबा घाटाजवळ २२६ माणसांसह रुतली. बर्फ फेकणारी यंत्रे गेली, तीही अडकली. इंधन संपले, डब्यांतली ऊब गेली. तीन दिवसांनी सुटका झाली ती मोटाररस्त्याच्या बाजूने. माणसांनी तो उपसत उपसत गाडीजवळ आणला आणि उतारू चालत मोटारींपर्यंत गेले. उतारू सगळे वाचले. मदतीला गेलेल्यांपैकी दोघे मेले. त्या मोसमात खिंडीत ८१२ इंच बर्फ पडल्याची नोंद आहे, म्हणजे ६७ फुटांहून अधिक.

१९६४ साली तिथे नवा रुंद महामार्ग झाला. मार्च २०२४ च्या आरंभी आलेल्या वादळाने त्याचा सुमारे शंभर मैलांचा पट्टा काही दिवस बंद पाडला.

आणि ते चिनी मजूर? १८८२ साली अमेरिकेने कायदाच केला, की चिनी मजुराने देशात यायचे नाही. तो १९४३ साली उठला. १९६९ साली रूळजोडणीच्या शताब्दीला अमेरिकन सरकारच्या वाहतूकमंत्र्याने भाषण केले. तीस फूट बर्फाखालच्या डोंगरात बोगदे खणायला अमेरिकनांवाचून दुसरा कोण समर्थ होता, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. चिनी मंडळी समारंभाला आलेली होती. त्यांच्या प्रतिनिधीला बोलायला वेळ मिळाला नाही. २०१४ साली अमेरिकेच्या कामगार खात्याने आपल्या सन्मानदालनात या मजुरांना जागा दिली. नावे पटावरच नसल्यामुळे ती एकेकाची देता आली नाहीत, सगळ्यांची मिळून एक दिली.