पहिला स्पर्श : भारतीय फुटबॉलमधल्या एका विसरलेल्या शिकवणीचा शोध

फुटबॉलच्या इतिहासात गोलची नोंद राहते. कोणी मारला, कितव्या मिनिटाला मारला, कोणाविरुद्ध मारला हे सारे कागदावर उतरते. त्या गोलच्या आधी दूरवरून आलेला चेंडू खेळाडूने पायावर कसा घेतला, याची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. वास्तविक खेळ तिथेच ठरतो. चेंडू पायाला लागून दोन हात पुढे उडाला तर तो प्रतिस्पर्ध्याचा होतो. पायाशी विसावला, किंवा ज्या मोकळ्या जागेकडे जायचे आहे तिकडेच सरकला, तर पुढच्या हालचालीला उसंत मिळते. प्रशिक्षक यालाच ‘फर्स्ट टच’ म्हणतात. आपण पहिला स्पर्श म्हणू.

पिंपळनेरला राहून मी काही वर्षे भारतीय फुटबॉलविषयीची पुस्तके, आठवणी आणि सामन्यांची वृत्ते जमवत आलो आहे. पांझरेकाठच्या या गावात फुटबॉलची म्हणावी तशी परंपरा नाही. त्यामुळे ‘तुम्ही या विषयात कसे पडलात?’ असे मला नेहमी विचारले जाते. माझे कुतूहल एका प्रश्नापुरते आहे : हा पहिला स्पर्श उपजत असतो की शिकवता येतो? भारताच्या बाबतीत याचे उत्तर इतिहासातच मिळते.

सुरुवात अनवाणी पायांपासून करावी लागते. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा त्यांच्या अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. पुढे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही भारताचे बहुतेक खेळाडू बुटांविना उतरले. फ्रान्सविरुद्ध आपण १-२ असे हरलो. त्यातही दोन पेनल्टी वाया गेल्या. इंग्लंडमधल्या प्रेक्षकांना त्या अनवाणी पायांचे फार कौतुक वाटले.

या कौतुकातून एक समज रुजला, की भारतीय पायाला चेंडूची जाण जन्मतःच असते आणि बूट ती मारून टाकतो. १९५० च्या ब्राझीलमधील विश्वचषकाला भारत गेला नाही, तो अनवाणी खेळू न दिल्यामुळेच, ही गोष्ट आजही मोठ्या विश्वासाने सांगितली जाते. संघाचे नियोजित कर्णधार शैलेन मन्ना यांनी ती पुढे नाकारली. लांबचा प्रवास, त्याचा खर्च, सरावाला अपुरा वेळ आणि ऑलिंपिकला दिलेले जास्त महत्त्व ही कारणे अधिक पटण्याजोगी आहेत. तरीही दंतकथा टिकली, कारण ती आपल्याला सुखावते. उपजत देणगी असली म्हणजे शिकवण्याची जबाबदारी कोणावरच येत नाही.

अनवाणी पायाचा फायदा खोटा नव्हता. कोरड्या, सपाट मैदानावर उघड्या तळव्याला आणि बोटांना चेंडूचा वेग, फिरत, उसळी बारकाईने कळते. पण चिखलात तोच पाय घसरतो. कातडी चेंडू पाणी पिऊन जड झाला की उघड्या पायावर दगडासारखा आदळतो. शिवाय समोरच्याच्या बुटांच्या खिळ्यांची धास्ती मनात असली की पाय नकळत आखडतो. आखडलेल्या पायावर चेंडू कधीच थांबत नाही. घोटा सैल हवा आणि चेंडू लागताच पाऊल किंचित मागे यायला हवे, जसा क्रिकेटपटू झेल घेताना हात मागे नेतो.

ही मर्यादा १९५२ साली हेलसिंकीत उघडी पडली. थंड हवेत, परक्या मैदानावर युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले. त्यानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. एरवी ही कहाणी इथेच संपवली जाते : अनवाणी युग गेले, बुटांचे युग आले. पण बूट घालून स्पर्श येत नाही. उलट, ज्या पायाने वीस वर्षे तळव्याने आणि बोटांनी चेंडू ओळखला, त्याला आता कातड्याच्या थराआडून तो नव्याने ओळखायचा होता. हे शिकवणारा माणूस कोण?

तो माणूस हेलसिंकीच्या संघासोबतच होता. सय्यद अब्दुल रहीम, जन्म १९०९, हैदराबाद. पेशाने शाळाशिक्षक. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाचे ते प्रशिक्षक होते आणि पुढल्याच वर्षीच्या दारुण पराभवातही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा रहीमसाहेब आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलिस संघाची मोठी कामगिरी तर मुंबईतच झाली. १८९१ साली मुंबईत सुरू झालेली रोव्हर्स करंडक स्पर्धा या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली.

रहीमसाहेबांचे नाव आज घेतले जाते ते पदकांसाठी. मला अधिक मोलाची वाटते ती त्यांची शिकवण्याची रीत. हैदराबादेत त्यांनी स्पर्धा भरवल्या त्या वेगळ्याच नियमांच्या. एका प्रकारात ड्रिब्लिंगला मनाई असे. दुसऱ्या प्रकारात कमजोर पायानेच खेळायचे असे. वरवर या गमती वाटतात. पण खेळणाऱ्याच्या बाजूने विचार करा. ड्रिब्लिंग बंद झाले की चेंडू येण्याआधीच मान वळवून आजूबाजूला पाहावे लागते. आपला माणूस कुठे आहे, मोकळी जागा कुठे आहे, हे ठरवूनच चेंडू घ्यावा लागतो. पहिला स्पर्श चुकला तर सावरायला दुसरा नसतो. कमजोर पायाच्या स्पर्धेत उजव्या पायाचा पटाईत खेळाडूही पुन्हा नवशिका होतो. आठ-दहा सामन्यांत त्या पायालाही चेंडूची भाषा कळू लागते, आणि मग खेळाडू कोणत्याही बाजूला वळू शकतो.

इथे शिक्षक दिसतो. ‘पाय सैल ठेव’ असे शंभरदा ओरडण्यापेक्षा त्यांनी नियमच असा केला की पाय सैल ठेवल्यावाचून गत्यंतर नाही. मुलाला उपदेश न करता त्याच्यापुढे योग्य गणित मांडण्याची ही युक्ती आहे. युरोपात डच प्रशिक्षक विल कूर्व्हर यांनी चेंडूवरील हुकमतीचे टप्प्याटप्प्याचे धडे रचून नाव मिळवले, ते बऱ्याच नंतर. दक्षिण अमेरिकेत १९३० साली उरुग्वेच्या मोंटेव्हिडिओ शहरात हुआन कार्लोस सेरियानी यांनी लहान बंदिस्त जागेतल्या खेळाचे नियम केले. त्यातून आलेल्या फुटसालने कमी जागेत चेंडू सांभाळणारे पाय घडवले. परिस्थिती बदलली की पाय शिकतो, हेच सूत्र तिथेही आहे.

या शिकवणीचे फळ १९५६ साली मेलबर्नला दिसले. ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य फेरीत समोर पुन्हा युगोस्लाव्हिया होता. या वेळी पहिला गोल भारताने केला, तोही नेव्हिलनेच. सामना १-४ असा गेला आणि भारत चौथ्या क्रमांकावर राहिला. पण तोच देश, तेच प्रशिक्षक आणि मध्ये फक्त चार वर्षे. १०-१ पासून इथवरचे अंतर केवळ बुटांनी कापले असे म्हणता येणार नाही.

१९६२ साली जकार्तात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून पुन्हा आशियाई सुवर्ण मिळवले. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते. ११ जून १९६३ रोजी ते गेले. आशियाई स्पर्धेतले फुटबॉलचे सुवर्ण त्यानंतर भारताला मिळालेले नाही. एका माणसाच्या जाण्याने सारे संपले असे मी म्हणणार नाही. इतर देश वेगाने पुढे गेले हेही खरे. पण त्यांची रीत शाळाशाळांतून उतरली नाही. आपण पदके मोजली, स्पर्धांचे ते नियम विसरलो.

महाराष्ट्रात या रीतीला सर्वांत जवळचे वातावरण कोल्हापुरात आहे. तिथले फुटबॉल संघ पेठांतून आणि तालमींतून उभे राहिले : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना पेठाच्या पेठा लोटतात. तालमीत डाव एकदा दाखवून भागत नाही. वस्ताद तो अंगात मुरेपर्यंत घोटून घेतो. पहिल्या स्पर्शालाही हेच लागते. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकून २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला. गावच्या मैदानावरचे वेड आणि रोजची पद्धतशीर शिकवण एकत्र आली की काय होते, त्याचे हे उदाहरण.

त्याच विश्वचषकाच्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा सरकारी उपक्रम झाला आणि शाळांना चेंडू देण्यात आले. कल्पना चांगली होती. पण साक्री तालुक्यातल्या आश्रमशाळेतले किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतले मूल दिवसभर डोंगरउतारावर धावते, त्याच्याकडे दम आहे, चपळाई आहे. त्याला चेंडू मिळाल्यावर पुढे काय करायचे, हे सांगणारे कोणी नसेल तर तो चेंडू काही महिन्यांत कपाटात जातो. मग कोणीतरी म्हणतो, ‘आमच्या पोरांच्या अंगात फुटबॉल नाही.’ १९५० च्या दंतकथेचीच ही उलटी बाजू आहे. तेव्हा देणगी आहे म्हणून शिकवायचे राहिले, आता देणगी नाही म्हणून राहते.

रहीमसाहेबांच्या रीतीला पैसा फारसा लागत नाही. मोठ्यांच्या चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते. लहान मुलांना त्याहून लहान चेंडू द्यावा. शाळेची एक भिंत घ्यावी. चेंडू भिंतीवर मारून परत येताना आधी पावलाच्या आतल्या बाजूने, मग बाहेरच्या बाजूने, मग तळव्याने थांबवायचा. उजव्या पायाने दहा वेळा झाले की डाव्याने वीस वेळा. दोघांत एक चेंडू असला की तिसऱ्याने मागे उभे राहून बोटे दाखवायची. चेंडू येण्याआधी मागे पाहून ती किती ते सांगायचे. जमीन खडबडीत असेल तर तक्रार करू नये, वेडीवाकडी उसळीही पायाला शिकवते. आणि शनिवारी एक सामना : ड्रिब्लिंग बंद, किंवा फक्त डावा पाय.

असा सामना या दिवाळीच्या सुट्टीनंतर पिंपळनेरच्या कोणत्याही शाळेत भरवता येईल. त्यासाठी एक चेंडू, चार दगडांचे गोल आणि नियम लिहिलेला एक फळा पुरे. ही स्पर्धा सत्तर वर्षांपूर्वी हैदराबादच्या एका शाळामास्तराने भरवली होती, एवढे मात्र मुलांना जरूर सांगावे.