परळीची शक्तीकुंज वसाहत : थर्मलच्या सावलीतलं गाव

परळी वैजनाथ : ज्योतिर्लिंगाचं परळी सगळ्यांना माहीत आहे. पण शहराच्या कडेला आणखी एक छोटं गाव आहे, शक्तीकुंज वसाहत. कागदावर हे नाव असलं तरी बोलण्यात 'थर्मल कॉलनी'च. औष्णिक विद्युत केंद्रातल्या कर्मचाऱ्यांसाठी ही वसाहत उभी राहिली. इथं ना पाटील, ना वतन, ना शेतीचा बांध. नोकरी आहे तोवर क्वार्टर, निवृत्ती झाली की घर सोडायचं.

वसाहत कशावर चालते?
केंद्राचा पहिला ३० मेगावॉटचा संच १९७१ साली सुरू झाला, दुसरा तेवढाच १९७२ ला. १९८० ते १९८७ या काळात २१० मेगावॉटचे तीन संच आले. २००७ आणि २०१० ला २५० मेगावॉटचे दोन, नंतर तेवढ्याच क्षमतेचा आठवा. पूर्वी हा कारभार राज्य वीज मंडळाकडं होता. २००५ ला मंडळाचं विभाजन झालं अन् केंद्र महानिर्मितीकडं गेलं. जुने पाच संच आता बंद आहेत. सहा, सात आणि आठ मिळून क्षमता ७५० मेगावॉट.

पाण्याचा प्रश्न
कोळसा रेल्वेनं येतो, पण पाणी गोदावरीचं लागतं. सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून ते घेतलं जातं. बंधारा कोरडा पडला की वरच्या धरणांकडं बघायचं, अन् तिथंही नसलं तर संच बंद. फेब्रुवारी २०१३ च्या दुष्काळात असंच झालं. तेव्हाची ११३० मेगावॉटची वीजनिर्मिती थांबली. २०१५ ला पुन्हा तीच पाळी आली. संच बंद झाला की कायम कर्मचाऱ्याची बदली होते, कंत्राटी मजुराचा मात्र रोजच बुडतो. त्याच्या मागोमाग चहाची टपरी, किराणा, रिक्षा यांचाही धंदा बसतो.

राखेचं काय?
कोळसा जळाला की राख उरते. विटा आणि सिमेंटला ती लागते, म्हणून तिच्यावर कितीतरी जणांचं पोट आहे. पण उघड्या गाडीतून उडालेली राख घरात येते अन् कापसाच्या पानावरही बसते. आम्हा शेतकऱ्यांना ती दोन्हीकडून माहीत आहे.

पुढं काय?
संच कमी झाले तशी नोकरीची माणसंही कमी लागतात. रिकाम्या क्वार्टरला कुणी हात लावला नाही तर पावसाळ्यागणिक ते खचणारच. वसाहत टिकवायची की सोडून द्यायची, हा निर्णय वरच्या पातळीवरचा आहे. मात्र त्याचा परिणाम परळीच्या बाजारपेठेवर होणार, एवढं नक्की.