संगणक चालू होतो, पण विंडोज उघडत नाही? ‘फॉरमॅट’ मारण्याआधी एवढे तपासा

लाईट गेली, परत आली आणि संगणक सुरूच होईना, ही तक्रार पावसाळ्यात गावोगावच्या सेवा केंद्रांत, ग्रामपंचायतीत आणि शाळांच्या ऑफिसात हमखास ऐकू येते. बाहेर पीक विम्याच्या अर्जासाठी रांग आणि आत काळ्या स्क्रीनवर दोन ओळींचे इंग्रजी. अशा घाईत ‘फॉरमॅट मारून टाका’ हा सल्ला पटकन दिला जातो आणि घेतलाही जातो. बऱ्याचदा त्याची गरजच नसते. नुकसान मात्र मोठे होते, कारण डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स ही तिन्ही ठिकाणे सहसा सी ड्राइव्हवरच असतात. ‘सी मध्ये फक्त विंडोज असते’ असे समजून सी फॉरमॅट केला की डेस्कटॉपवरचे स्कॅन केलेले दाखले, फीची नोंद, एक्सेलमधला हिशेब सगळे जाते.

आधी बिघाड कुठे आहे ते ओळखावे. बटण दाबल्यावर पंखाच फिरत नसेल, तर प्रश्न विंडोजचा नाही. बोर्ड, स्विच, केबल किंवा पॉवर सप्लाय बघावा. पंखा फिरतो पण स्क्रीनवर काहीच येत नाही किंवा बीप वाजतात, तेव्हा संशय रॅमवर. संगणक बंद करून, प्लग काढून रॅम बाहेर घ्यावी, तिच्या सोनेरी पट्टीवर शाळेतले साधे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे आणि खटका बसेपर्यंत परत दाबावी. धूळ आणि दमटपणा असलेल्या खोलीतले बरेच संगणक एवढ्यानेच उठतात. कंपनीचा लोगो येतो आणि पुढे गाडी अडते, तेव्हा मात्र बिघाड डिस्कमध्ये, सेटिंगमध्ये किंवा खुद्द विंडोजमध्ये असतो.

‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’ असे आले, तर पहिले काम म्हणजे लावलेले सगळे पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, बाहेरची हार्ड डिस्क काढणे. काही संगणक पेनड्राइव्हमध्येच विंडोज शोधत बसतात. हे हास्यास्पद वाटते, पण याच कारणासाठी दुकानात ओझे वाहून नेणारे कमी नाहीत.

तरीही तेच आले तर सुरू करतानाच एफ२ किंवा डिलीट (काही कंपन्यांत एफ१०) दाबून बायोसमध्ये जावे. तिथे डिस्कचे नाव दिसते का, हे सर्वांत महत्त्वाचे. दिसत नसेल तर डेस्कटॉपमध्ये डिस्कच्या दोन्ही केबल काढून घट्ट बसवाव्यात. उंदराने कुरतडलेली केबलही सापडते. दिसत असेल तर तारीख-वेळ पाहावी. ती काही वर्षे मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याच्या आकाराचा सेल संपला आहे. सीआर२०३२ नावाचा हा ३ व्होल्टचा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो संपला की बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात, यूईएफआयच्या जागी लेगसी मोड येऊ शकतो आणि विंडोज शाबूत असूनही सापडत नाही. विंडोज ज्या मोडमध्ये टाकले होते तोच परत निवडावा. अलीकडच्या संगणकांत तो बहुधा यूईएफआय असतो. बायोसमध्ये बाकी कशालाही हात लावू नये.

गोल फिरणारे ठिपके येतात आणि मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होते, तेव्हा विंडोज अर्धवट जिवंत असते. जुनी एफ८ ची सवय विंडोज १० आणि ११ मध्ये सहसा चालत नाही. ठिपके दिसू लागले की पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करावे. असे दोन-तीनदा केले की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तिथे ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’. आधी ‘स्टार्टअप रिपेअर’ करून पाहावे. बिघाड नुकत्याच झालेल्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. तरीही नाही, तर ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून चार नंबरचा सेफ मोड. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले, तेव्हा अनेक ठिकाणी एकेका मशीनवर जाऊन सेफ मोडमधूनच ती एक फाईल काढावी लागली होती.

‘रीसेट धिस पीसी’ हा पर्याय शेवटी ठेवावा. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडले तरी स्वतः टाकलेली सॉफ्टवेअर जातात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ला बोट लागले तर बोलायलाच नको.

नव्या लॅपटॉपवर वाटेत आणखी एक कुलूप लागते. स्क्रीन ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागते. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले, त्या खात्यात ती की बहुधा साठवलेली असते. दुसऱ्या मोबाईलवरून लॉगिन करून बघता येते. घोळ असा, की ते खाते अनेकदा विक्रेत्या दुकानाने किंवा सोडून गेलेल्या ऑपरेटरने उघडलेले असते. की मिळाली नाही तर कोणताही कारागीर त्या डिस्कमधला डेटा वाचू शकत नाही. म्हणून संगणक ठीक चालत असतानाच की कागदावर उतरवून दप्तरी ठेवलेली बरी.

डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर वरचे काहीच करू नये. संगणक लगेच बंद करावा. अशा डिस्कवर ‘चेक डिस्क’ चालवले तर उरलासुरला डेटाही जाऊ शकतो. आवाज नाही, बायोसमध्ये डिस्क दिसते, पण विंडोज काही केल्या उघडत नाही, अशा वेळी डिस्क काढून केबलने दुसऱ्या संगणकाला जोडावी किंवा उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून फायली कॉपी कराव्यात. उबुंटू इन्स्टॉल करायचे नाही, फक्त ‘ट्राय’ निवडायचे. फायली बाहेर आल्या, उघडून पाहिल्या, की मग खुशाल नवे विंडोज टाकावे. त्यासाठी किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लागतो; त्यातले आधीचे सगळे पुसले जाते.

दुकानात द्यायची वेळ आलीच, तर ‘डेटा पाहिजे’ हे तोंडी न सांगता पावतीवर लिहून घ्यावे, डिस्कवरच्या सिरीयल नंबरचा फोटो काढावा आणि डिस्क बदलली तर जुनी परत मागून घ्यावी. लोकांच्या आधार कार्डांच्या प्रती त्यातच असतात.