आर्कोना येथील शृंगशकुन

बाल्टिक समुद्रांतील र्‍युगेन बेटाच्या उत्तर टोकास आर्कोना नांवाचें भूशिर आहे. तेथील स्वांतविट देवतेचें मंदिर इ. स. ११६८ मध्यें डेन्मार्कचा राजा पहिला वाल्डेमार व बिशप अब्सालोन यांनीं उद्ध्वस्त केलें. तेथें सुगीनंतर स्लाव्ह लोक जो शकुन पाहत, त्याचा वृत्तान्त साक्सो ग्रामाटिकुस याच्या लॅटिन बखरीच्या चौदाव्या खंडांत आहे. साक्सो अब्सालोनच्याच प्रेरणेनें लिहिणारा, म्हणजे जेत्याच्या पदरचा लेखक. पराभूतांनीं स्वतः कांहीं लिहून ठेविलेलें नाहीं. सबब ही एकतर्फी साक्ष कितपत ग्राह्य, हें पाहणें अवश्य आहे.

साक्सो सांगतो तें असें. चतुर्मुख मूर्तीच्या उजव्या हातांत धातूंनीं मढविलेलें शिंग असे. उत्सवाच्या आदल्या दिवशीं पुजारी एकटाच गाभार्‍यांत शिरून केर काढी. देवासमोर मानवी श्वास सुटूं नये म्हणून तो सोडावयास दाराशीं येई. दुसर्‍या दिवशीं लोकांसमक्ष तो शिंगांतील मद्य पाही. तें घटलें असल्यास पुढील वर्षीं तुटवडा, नसल्यास सुबत्ता. आणि त्याप्रमाणें धान्य जपून वापरावें कीं सढळ हातानें, हेंही तो सांगे. मग जुनें मद्य मूर्तीच्या पायांशीं ओतून शिंग नव्यानें भरी, तें एका दमांत पिई, व पुन्हां भरून जागीं ठेवी.

या प्रकाराचें मर्म धान्याविषयींच्या सूचनेंत आहे असें मला वाटतें. वर्षभर ठेविलेलें मद्य तसूभरही आटूं नये हें कठीण. आणि आदल्या दिवशीं आंत जाणारा मनुष्य एकच. तेव्हां कोठारें किती उघडावयाचीं याचा निवाडा, समोरचें पीक पाहून, देवाच्या नांवानें पुजारीच करीत असावा. बृहत्संहितेंत आषाढी पौर्णिमेस बीजें तोलून रात्रभर ठेवण्याचा व पुन्हां तोलण्याचा विधि आहे, त्याची येथें आठवण होते; परंतु तेवढ्यावरून संबंध जोडणें साहस होय.

साक्सोला पुष्टि मिळते ती इंग्लंडांतून. माम्सबरीचा विल्यम यानें, मंदिर पडण्यापूर्वीं सुमारें चाळीस वर्षें, याच बाजूच्या स्लाव्हांविषयीं लिहितांना भाग्यदेवतेच्या उजव्या हातांतील मधुमद्याचें शिंग, नोव्हेंबरअखेरची परीक्षा व भरलेल्या शिंगाचा हर्ष वर्णिला आहे. या लेखकास डेन्मार्कच्या विजयाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें.

दुसरा पुरावा पोळीचा. त्याच उत्सवांत जवळजवळ पुरुषभर उंचीची मधाची गोल पोळी मध्यें ठेवून पुजारी विचारी, ‘मी दिसतों काय?’ दिसतो म्हटल्यास, पुढील वर्षीं न दिसावा, अशी प्रार्थना करी. हर्झेगोव्हिनांत नाताळच्या भाकरीआड असाच प्रश्न करीत, हें व्हुक काराजिच (१७८७–१८६४) यानें नोंदविलें आहे. युक्रेनमध्यें घरधनी पोळ्यांच्या राशीआड बसे. अशी चाल शत्रूनें रचलेली असणें संभवत नाहीं.

पूर्वेकडील रशियन शेतकर्‍यांचे शरदांतील शकुन मात्र बहुतेक आकाशाचे. अलेक्सेय येर्मोलोव यानें १९०१ ते १९०५ मध्यें चार भागांत असे शकुन छापले. पोक्रोव सणास उत्तरेचा वारा सुटल्यास, किंवा ओक व भूर्ज यांचीं पानें पुरतीं गळालीं नसल्यास, हिंवाळा कडक, अशी त्यांची समजूत. हा सण जुन्या गणनेचा १ ऑक्टोबर, हल्लींचा १४. बाराव्या शतकांत हें अंतर ७ दिवसांचें होतें, आज १३ आहे. तेव्हां तारीख तीच राहून ऋतु ६ दिवस पुढें गेला, हें शकुनसंग्रह ताडून पाहणारांनीं ध्यानांत ठेवावें.

आर्कोनाचा खडूचा कडा शतकानुशतकें ढासळत असून मंदिराची जागा बहुधा समुद्रांत गेली आहे.